वरचा पाणवठा

आमच्या गावच्या घरात चुलीमागच्या कोपऱ्यात एक पोळपाट भिंतीला टेकून उभा असायचा. सागवानी, तीन पायांचा, कडेनं बारीक नक्षी कोरलेला. आमच्याकडं रोजची भाकरी. ती काठवटीत थापायची. चपाती सणासुदीला, आणि तीही आजी घरच्या जुन्या, झिजलेल्या पोळपाटावर लाटायची. या देखण्या पोळपाटाला तिनं कधी पीठ लागू दिलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत तो धुवायची, उन्हात ठेवायची आणि पुन्हा कोपऱ्यात उभा करायची.

तो आम्ही विकत घेतलेला नव्हता. पाण्यानं आणून दिला होता. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि मुठेकाठचं पुणं पाण्याखाली बुडालं. आमचं गाव दौंडकडं, भीमेच्या काठी. पुण्यात संगमावर मुळा आणि मुठा एकत्र येतात, पुढं ही मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि त्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव. पूर ओसरल्यावर वडील काठानं चक्कर मारून आले, तेव्हा एका बाभळीच्या मुळ्यांत अडकलेला हा पोळपाट त्यांना दिसला. मी तेव्हा सहा वर्षांची होते. नक्षीत गाळ घट्ट बसला होता. आजीनं तो काडीनं कोरून कोरून काढला. मी म्हटलं, "आता यावर चपात्या लाट की." आजी म्हणाली, "न्हाय गं बाई. कुणाचा तरी संसार हाय त्यो. ऱ्हाऊ दे तसाच."

पाणी वरून खाली येतं आणि येताना वरच्यांचं जे काही असेल ते खालच्यांच्या दारात आणून टाकतं, हे मी त्या पोळपाटावरून शिकले. पुस्तकात हा धडा फार नंतर आला.

आमच्या नदीवर पाण्याची एक रीत होती. सगळ्यांत वरच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची जागा. तिथं बायका वाळूत हातभर खोल झिरा उकरायच्या, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायच्या आणि मग पाझरून आलेलं नितळ पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या. त्याच्या खाली आंघोळीची जागा, त्याच्या खाली धुण्याचे दगड आणि त्याहून खाली म्हशी बसायच्या तो डोह. कुठं पाटी लावलेली नव्हती. पण एखाद्या पोरानं वरच्या जागी पाय धुतले तर काठावरची कोणतीही बाई त्याला रागवायची. तो आपला की परका, हे बघायची गरज नसे. "खाली माणसं पाणी भरत्यात, दिसत न्हाय का?" एवढं एक वाक्य पुरायचं.

घरातलंही तसंच. न्हाणीचं पाणी दगडी पन्हळीतून परसात जायचं. तिथं अळू, दोन केळी आणि कर्दळीचं एक दाट बेट होतं. पाणी त्या बेटात शिरायचं आणि तिथंच जिरायचं. भांडी राखेनं घासायची, डोकी शिकेकाईनं धुवायची. शेण, पालापाचोळा, खरकटं सगळं उकिरड्यात आणि उकिरडा पाऊस पडायच्या आधी शेतात. उन्हाळ्याच्या शेवटी बैलगाड्या भरभरून खत जायचं. वडील घाई करायचे, कारण पहिला मोठा पाऊस उकिरड्यावर पडला की वर्षभराचं खत ओढ्याला जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बांधावर हराळी आणि पवन्या गवत मुद्दाम राखलेलं असायचं. पावसाळ्यात बांधाच्या वरच्या बाजूला लाल पाणी साचायचं आणि गवतातून झिरपून खालच्या बाजूला निवळ होऊन बाहेर पडायचं. ते बघत आम्ही पोरं तासन्‌तास उकिडवी बसायचो.

आणखी एक गोष्ट. पावसाळा सुरू झाला की पागोळ्यांखाली घंगाळं, हंडे मांडले जायचे, पण पहिल्या पावसाला नाही. पहिला पाऊस कौलं धुतो, असं आजी म्हणायची. आठ महिन्यांची धूळ, कावळ्या-चिमण्यांची शीट, वाळकी पानं घेऊन ते पाणी काळपट उतरायचं. ते वाहून जाऊ द्यायचं. आज शास्त्रज्ञ शहरातल्या पहिल्या पावसाबद्दल अगदी हेच सांगतात: रस्त्यांवर आणि छपरांवर कोरड्या दिवसांत साठलेली घाण पहिल्या सरी धुऊन नेतात, म्हणून ओढ्या-नद्यांना पोचणारं ते पाणी फार घाण असतं. आजीला त्यामागचं शास्त्र माहीत नव्हतं, पण हंडा कधी मांडायचा हे माहीत होतं.

आठवणींना गोडवा असतो, म्हणून दोन कडू गोष्टीही लिहिल्याच पाहिजेत. एक म्हणजे, ते पाणी निर्मळ दिसायचं, पण निर्धोक नव्हतं. आमच्या शेजारच्या काकांच्या पायातून नारू निघाला होता. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढलेला तो पांढरा दोरा मी पाहिला आहे. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरायचं आणि तेच पाणी प्यायचं, यातून तो रोग फिरायचा. पाणी न गाळता पिऊ नका, विहिरीत उतरू नका, हे गावोगाव सांगत सांगत देशानं तो घालवला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लोकांना पाण्याची वाट समजावून दिली की केवढं मोठं काम होतं, याचा हा दाखला आहे.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. म्हशींच्या डोहाच्याही खाली आणखी एक पाणवठा होता. तिथं आमच्या गावकुसाबाहेरची माणसं पाणी भरायची. वरच्या सगळ्यांच्या आंघोळीचं, धुण्याचं, गुरांचं पाणी त्यांच्या वाट्याला यायचं. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते २० मार्च १९२७ला. त्याला तीसेक वर्षं होऊन गेली होती, तरी आमच्या नदीवर वर कोण आणि खाली कोण हे जातीनंच ठरलेलं होतं. "खाली माणसं पाणी भरत्यात" हे वाक्य त्या शेवटच्या पाणवठ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. मी लहान होते, पण शाळेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण तिथून पाणी भरायची आणि तिच्या घागरीतलं पाणी मला आठवतं. ती आठवण मी पुसू देत नाही. जुन्या रीतीतलं शहाणपण घ्यायचं ते हा अन्याय लक्षात ठेवूनच.

हे सगळं कधी बदललं? एका दिवसात नाही. आधी धुण्याच्या दगडांवर पिवळी, मग निळी साबण पावडर आली आणि आम्हाला फेसाचं केवढं अप्रूप! मग शेतात युरियाची पोती आली, उसाचं क्षेत्र वाढलं, बांधावरचं गवत नांगराखाली गेलं. राखेची जागा साबणानं घेतली, परसातल्या कर्दळीची जागा सिमेंटच्या गटारानं. १९८० साली उजनीचं धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागं फुगून उभं राहिलं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचं शिखर पुन्हा दिसतं. वाहत्या नदीत घाण पुढं जाते; उभ्या पाण्यात ती बसते. वरून येणारं सांडपाणी, शेतातून धुऊन आलेलं खत हे सगळं त्या जलाशयात उतरू लागलं. नदीला वाम आणि मरळ सापडायची, तिथं आता जाळ्यात चिलापी भरते. हिरवी जलपर्णी पाण्यावर पसरली की लांबून कुरण वाटतं. आमच्याकडचे लोक पहिल्यांदा तिचं कौतुक करत होते. पिकाला घातलेलं खतच जलपर्णी खाते, तिच्याखाली आणि शेवाळाखाली पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात, हे कळायला वेळ लागला.

मी तोवर पुण्यात शिक्षिका झाले होते. तिसरीच्या वर्गाला आपल्या जिल्ह्याचा भूगोल असायचा. फळ्यावर नकाशा काढून मी मुलांकडून नद्या म्हणून घ्यायची: भीमा, घोड, इंद्रायणी, मुळा, मुठा, नीरा, कऱ्हा. मुलं एका सुरात म्हणायची, परीक्षेत बरोबर लिहायची. नकाशावर नद्या निळ्या रेषांच्या होत्या आणि खडूचा निळा रंग सगळीकडं सारखाच होता. आज वाटतं, एका तासाला तरी मी त्या रेषेवर बोट ठेवून मुलांना विचारायला हवं होतं, की तुमच्या मोरीतलं पाणी या रेषेला कुठं मिळतं? त्या वेळी मला ते सुचलं नाही, कारण मला वाटायचं की हे सगळ्यांना माहीतच असतं. माझ्या पिढीला ते डोळ्यांनी दिसलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलांना दिसत नव्हतं, आणि हे माझ्या लक्षात यायला नातवंडं व्हावी लागली.

एका जूनमध्ये जोराचा पाऊस आला. सातव्या मजल्याच्या गॅलरीत नात माझ्याजवळ उभी होती. मी विचारलं, "हे एवढं पाणी जातं कुठं गं?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठं?"

तिनं वाकून बघितलं. "पार्किंगमध्ये."

"आणि तिथून?"

"तिथून ते जातंच ना, आजी. ती जाळी आहे ना."

ती सात वर्षांची, हुशार, चौकस मुलगी. तिच्या बोलण्यात काही चूक नव्हती. तिच्या जगात पाणी जाळीपर्यंतच दिसतं. आम्हाला पागोळीपासून नदीपर्यंतची अख्खी वाट दिसायची. परसातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला, आणि त्याच नदीवर चार दिवसांनी आम्ही पोहायला जायचो. आपण सोडलेलं पाणी आपल्यालाच भेटायचं. आता ते लोखंडी झाकणाखाली जातं आणि आपला त्याचा संबंध संपला असं वाटतं. जे आम्हाला आयतं बघायला मिळालं, ते या मुलांना शिकवावं लागणार आहे.

म्हणून निवृत्तीनंतर मी सोसायटीतल्या मुलांना रविवारी सकाळी जमवायला लागले. सुरुवात केली हिशेबानं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं पार्किंग मुलांनी पावलांनी मोजलं, मग टेपनं मोजलं: साधारण हजार चौरस मीटर. वीस मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. मुलं चकित झाली, कारण एप्रिलमध्ये दारात येणारा टँकर त्यांना चांगला माहीत होता. त्या पाण्यातलं जमिनीत किती मुरलं? फरशीखाली जवळजवळ काहीच नाही. माझ्या गावच्या अंगणात पहिल्या सरी माती पिऊन टाकायची. ओढ्याला पाणी यायला दोन-चार दमदार पाऊस व्हावे लागायचे. इथं सर थांबायच्या आत पाणी ओढ्यात पोचलेलं असतं.

मग आम्ही जाळीजवळ बसलो आणि तिच्या तोंडाशी काय काय अडकलंय ते मोजलं. बिस्किटांची वेष्टनं, कुत्र्यांची घाण, गाड्यांखाली ठिबकलेल्या तेलाचे सप्तरंगी डाग, टायर झिजून पडलेली काळी पूड, वरच्या मजल्याच्या डागडुजीचं सिमेंट, आणि कुंड्यांना कुणी तरी मूठ भरून घातलेलं खत. इथं मुलांना एक मोठी गोष्ट कळली. शहरात वाहिन्या दोन असतात. संडास-मोरीचं पाणी जातं ते ड्रेनेजमध्ये, तिथून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडं जायचं असतं. सगळंच तिथवर पोचत नाही, हे दुखणं वेगळं. पण ही जाळी आहे पावसाळी गटाराची. तिच्या वाटेवर शुद्धीकरण नाही, चाळणी नाही, काही नाही. जाळीत पडलं ते सरळ ओढ्यात. एका मुलानं विचारलं, "मग हे केंद्रात का नाही नेत?" मी त्याला परत त्या वीस हजार लिटरकडं नेलं. एका पार्किंगचं, एका सरीचं इतकं. मग अख्ख्या शहराचं किती, आणि ते तासाभरात साफ करणार कसं? त्यावर एकच उपाय: पाण्याच्या वाटेवर घाण ठेवायचीच नाही आणि पाणी जिथल्या तिथं जितकं मुरवता येईल तितकं मुरवायचं.

आमच्याजवळचा ओढा म्हणजे आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि दांडेकर पुलाखालून पुढं जाऊन मुठेला मिळतो. एके काळी याच कात्रजच्या तळ्याचं पाणी नानासाहेब पेशव्यांनी बंदिस्त नळातून, केवळ उताराच्या जोरावर, शहरातल्या हौदांपर्यंत आणलं होतं. उतार कुठून कुठं आहे हे ज्यांनी इतकं बारकाईनं ओळखलं, त्या शहराला मधल्या काळात त्याचा विसर पडला. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढग कोसळले आणि या ओढ्यानं माणसं, जनावरं, गाड्या ओढून नेल्या. मुलांना मी ते सांगते, भीती घालायला नव्हे. पाणी आपली वाट विसरत नाही, एवढं त्यांच्या मनात राहावं म्हणून.

पण खरं शिकवणं झालं ते दिवाळीत, किल्ल्यावर.

आमच्या लहानपणी किल्ला म्हणजे दगड, विटा, गोणपाट आणि ओढ्याकाठची चिकण माती. हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. किल्ल्यावर हळीव पेरायचे आणि रोज हातानं पाणी शिंपडायचं. वरून पाणी घातलं की ते कुठल्या कड्यावरून ओघळतं, कुठल्या दरीत जमतं, कुठं माती खचते, हे बघून आम्ही बुरूज हलवायचो, दगड लावायचो, खाली परातीचं तळं ठेवायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हळीव उगवले की किल्ला हिरवागार. मग कितीही पाणी शिंपडा, माती जागची हलायची नाही. पाणलोट हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, पण प्रत्येक दिवाळीत आम्ही एक पाणलोट बांधत होतो.

आता बाजारात तयार किल्ले मिळतात, प्लास्टरचे, रंगवलेले. आईवडिलांना वेळ नाही, सोसायटीत माती नाही. मी कुणाला दोष देत नाही. उलट तोच किल्ला मला उपयोगी पडला. मी मुलांना म्हटलं, आपण दोन किल्ले शेजारी ठेवू. एक विकतचा आणि एक आपण मातीचा करू. वसुबारसेच्या चार दिवस आधी एका नर्सरीतून तांबड्या मातीची पोती आणली, मुलांनी ती तुडवली, किल्ला उभारला, हळीव पेरले. भाऊबीजेपर्यंत त्यावर बोटभर हिरवळ आली होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही किल्ल्यांच्या पायथ्याशी एकेक स्टीलचं ताट ठेवलं. प्रत्येक मुलाला रांगोळीच्या रंगाची एक चिमूट दिली. लाल म्हणजे गाडीचं तेल, पिवळा म्हणजे खत, निळा म्हणजे साबणाचं पाणी, काळा म्हणजे रस्त्यावरची धूळ, गुलाबी म्हणजे प्लास्टिक. ज्याला जिथं आपलं घर वाटेल तिथं त्यानं आपली चिमूट ठेवायची, दोन्ही किल्ल्यांवर सारखीच. मग माझ्या नातीनं झारीतून दोन्हींवर एकेक तांब्या पाणी शिंपडलं.

विकतच्या किल्ल्यावरून पाणी क्षणात उतरलं, सगळे रंग घेऊन. ताट भरलं. मातीच्या किल्ल्यावर पाणी आधी मातीनं पिऊन टाकलं. बराच वेळ ताट कोरडंच. मग कडेनं थोडं पाणी पाझरलं, किंचित रंगाचं. रंग हिरवळीच्या मुळाशीच अडकले होते. मी एक अक्षर बोलले नाही. मुलंच आळीपाळीनं दोन्ही ताटांवर वाकून बघत होती.

विकतच्या किल्ल्याखालच्या ताटात सगळ्या रंगांचं मिळून गढूळ तपकिरी पाणी झालं होतं. मी म्हटलं, "यातला तुझा रंग तेवढा काढून दाखव." पिवळावाला बघत राहिला. "यात माझा थोडासाच आहे, आजी," गुलाबीवाली म्हणाली. सगळ्यांचा थोडासाच होता. पावसाच्या पाण्यातून येणाऱ्या घाणीचं हेच अवघड आहे. कारखान्याचा नळ बोट दाखवून सांगता येतो. हजार छपरांचं, हजार शेतांचं, हजार रस्त्यांचं एकत्र आलेलं पाणी कुणाच्याच नावावर नसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२२मध्ये देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले ५५ महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक. त्यात सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यासाठी सरकार, महापालिका, कारखानदार यांना जाब विचारलाच पाहिजे. पण त्या ताटातल्या आपल्या चिमटीचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

मग मी फळ्यावर पाण्याची वारी काढली. देहू-आळंदीहून माणसं आषाढीला पंढरपूरला चालत जातात, हे मुलांना माहीत होतं. मी म्हटलं, पाणीसुद्धा जातं. देहू आणि आळंदी इंद्रायणीच्या काठी. ती तुळापूरला भीमेला मिळते. पवना मुळेला, मुळा-मुठा एकत्र होऊन भीमेला. भीमा दौंडवरून माझ्या गावावरून उजनीला, उजनीतून पंढरपूरला. तिथं ती चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून तिचं नाव चंद्रभागा. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. पुढं भीमा कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आंबिल ओढ्याच्या जाळीपासून विठोबाच्या पायरीपर्यंत मी खडूची एकच रेघ ओढली, मध्ये कुठंही हात न उचलता. आळंदीच्या इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतानाचे फोटो मुलांनी पाहिले होते. एकीनं विचारलं, "मग वारकरी त्यातच आंघोळ करतात?" मी हो म्हटलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

आणि मग मी पिशवीतून पोळपाट काढला. आजी गेल्यावर गावाकडून मी एवढी एकच वस्तू मागून आणली होती. तो मी ताटाखाली ठेवला आणि म्हटलं, हे माझं गाव. मग पुराची गोष्ट सांगितली. पुण्यातल्या कुठल्या तरी स्वयंपाकघरातून निघालेला हा पोळपाट आमच्या काठाला कसा लागला ते सांगितलं. मुलांनी एकेक करून नक्षीवरून बोटं फिरवली. पानशेत त्यांच्यासाठी फार जुनं आहे, पण पोळपाट हातात घेता येतो.

ती गोष्ट सांगताना मला एक जाणवलं, ते मुलांना सांगितलं नाही, इथं लिहिते. लहानपणी, पुण्याच्या हिशेबानं, मी खालच्या पाणवठ्यावर होते. वरून काय येईल याची वाट बघणाऱ्यांत. आता मी सातव्या मजल्यावर, पुण्यात, भीमेच्या कितीतरी वर राहते. माझ्या भावाच्या सुना आजही त्याच काठावर राहतात. माझ्या धुण्याच्या मशीनचं पाणी, आमच्या पार्किंगचं पाणी त्यांच्याकडं जातं. साठ वर्षांत मी वरच्या पाणवठ्यावर आले आणि वरच्या पाणवठ्यावर काय काय करायचं नसतं, हे मात्र विसरून गेले होते. गावात त्या जागी पाय धुणाऱ्याला बायका रागवायच्या. इथं रागवायला कुणी नाही, कारण खाली पाणी भरणारं कुणी दिसत नाही. ते दिसावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. गाडी फरशीवर धुण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसावी, कुंड्यांना खत पाऊस तोंडावर असताना घालू नये, पार्किंगच्या कडेची दोन फूट फरशी उखडून तिथं माती आणि कर्दळ लावावी, या गोष्टी मग वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. आमच्या सोसायटीनं ती दोन फुटांची पट्टी या वर्षी केली आहे. एका पट्टीनं नदी साफ होणार नाही, हे मला माहीत आहे. पण आमच्या बांधावरचं गवतही दोन फूटच रुंद होतं.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर आवराआवर सुरू झाली. एका मुलानं ते तपकिरी पाण्याचं ताट उचललं आणि सवयीनं जाळीकडं निघाला. जाळीपाशी जाऊन थांबला. ताट हातात तसंच. त्यानं जाळीकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, मग माझ्याकडं.

"आजी, हे ओतू कुठं?"

बाकीची मुलंही थांबली. कुणालाच उत्तर सुचेना. मीही लगेच काही बोलले नाही. कारण आतापर्यंत मला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत हाच खरा प्रश्न होता. शेवटी माझी नात म्हणाली, "आपल्या मातीच्या किल्ल्यावर ओतूया. तो थांबवेल." मुलांनी ते पाणी हळूहळू, थोडं थोडं करून हळिवांच्या मुळाशी ओतलं. मातीनं ते पिऊन टाकलं. सगळा रंग काही तिनं थांबवला नसेल, पण बऱ्याच वेळानं पायथ्याशी जे पाझरलं ते पुष्कळ निवळ होतं.

नातीनं पोळपाट फडक्यानं पुसला, उन्हात ठेवला आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा केला. तिला तसं करायला मी सांगितलं नव्हतं.